तुम्ही विचारलंत म्हणून: मी हेच पेन का वापरते

"अक्का, एवढी वर्षं लिहिताय, आता तरी एक बरं पेन घ्या की!" महिन्यातून एकदा तरी हे मला कुणीतरी ऐकवतंच. कधी पार्सल सोडवायला आलेलं गिऱ्हाईक, कधी माझा धाकटा भाऊ. त्यानं वाढदिवसाला मखमली डबीतलं पेन दिलं होतं. ते कपाटात जपून ठेवलंय. पण बेळगावातल्या एका ट्रान्सपोर्टच्या बुकिंग काउंटरवर गेली एकोणीस वर्षं मी निळ्या टोपणाच्या पांढऱ्या रेनॉल्ड्स ०४५ नं लिहिते आणि खोक्यांवर कॅम्लिनच्या काळ्या मार्करनं. विचारलंत म्हणून आज नीट सांगते.

आमची बिल्टी, म्हणजे मालाची पावती, तीन प्रतींची. पांढरी गिऱ्हाइकाला, गुलाबी ड्रायव्हरबरोबर, पिवळी बुकात. मध्ये दोन कार्बन. माल कमी भरला, खोका फुटला, नाव चुकलं, की सगळं भांडण त्या पिवळ्या प्रतीवर येतं आणि तिच्यावरचं अक्षर उठतं फक्त दाबानं. भावानं दिलेलं पेन मी आठ दिवस मनापासून वापरलं. वरच्या कागदावर अक्षर मोत्यासारखं यायचं, पण पिवळ्या प्रतीवर 'खानापूर'मधला 'पूर'च दिसायचा. दाबावं तर नीब फाकायची. बॉलपेन उभं धरून कितीही दाबा, टोकाची गोळी फिरत राहते आणि तिसऱ्या कागदापर्यंत शब्द पोचतो. शाळेत आम्हाला बॉलपेन हातात धरू देत नसत, अक्षर बिघडतं म्हणून. बिघडत असेलही. पण वाचता तर येतं!

दुसरं कारण पाऊस. बेळगावचा पाऊस कसा असतो ते इथल्या माणसाला सांगायला नको. जूनमध्ये ताडपत्री ओढली की ती ऑक्टोबरपर्यंत ओलीच. एका पावसाळ्यात घाईघाईत मी एका पार्सलच्या चिठ्ठीवर जेल पेननं पत्ता लिहिला. शिलाई मशीनचे सुटे भाग होते, निपाणीच्या एका बाईंचे. टेम्पोत पाणी झिरपलं, फोन नंबराचा निळा डाग झाला आणि पार्सल दोन दिवस गोदामात पडून राहिलं. लग्नसराईचे ब्लाउज अडले त्यांचे. त्या स्वतः शोधत आल्या तेव्हा एक शब्द वावगा बोलल्या नाहीत. मला मात्र ते अजून लागून राहिलंय. जेलची शाई पाण्यातली, बॉलपेनची तेलकट. एवढाच फरक, पण त्या दिवसापासून काउंटरवर जेल पेन नाही.

ही दाट शाई आली कुठून, हे नंतर मुद्दाम वाचलं. लास्लो बिरो नावाचा हंगेरीचा पत्रकार होता. छापखान्यातली शाई झटकन वाळते, फौंटन पेनची मात्र फरफटते, हे त्यानं पाहिलं. ती दाट शाई नीबमधून उतरेना, म्हणून टोकाला फिरती गोळी बसवली. १९३८ सालचं त्याचं पेटंट आहे. त्याचा भाऊ रसायनं जाणणारा होता, शाईच्या कामात त्याची मदत झाली. रोज पहाटे आमच्या दारात पेपरांचे गठ्ठे उतरतात, तेव्हा मला हा माणूस आठवतो.

डिसेंबरच्या थंडीत हीच दाट शाई गोठल्यासारखी होते. मग पेन दोन्ही तळव्यांत घोळवायचं, नाहीतर चपलेच्या रबरी तळव्यावर चार रेघोट्या ओढायच्या. चालू होतं.

आता मार्कर. हे माझं खरं प्रेम. कॅम्लिन म्हणजे मुंबईच्या दांडेकरांनी १९३१ मध्ये शाईची पूड आणि वड्या विकायला सुरुवात केली, तेच घर. पण माझा जीव जडलाय तो त्याच्या टोकावर. आमच्याकडे खोक्याच्या एका अंगाला मराठी आणि दुसऱ्या अंगाला कन्नड लिहावं लागतं. हुबळीकडे उतरवणाऱ्याला कन्नड हवं, चोर्ला घाटातनं गोव्याला जाणाऱ्या ड्रायव्हरला देवनागरी. म्हणून मी दोन मार्कर ठेवते. मराठीला चपट्या, तिरक्या टोकाचा. बोरूसारखा कलता धरला की 'मडगाव'च्या उभ्या काठ्या ठसठशीत येतात आणि शेवटी डोक्यावरची रेघ एका हातात ओढायची, सर्रकन. तो आवाज मला फार आवडतो. कन्नड अक्षर वळणाचं. चपटं टोक तिथं वळताना मध्येच जाड, मध्येच बारीक होतं. त्याला गोल टोकच पाहिजे. अक्षराच्या माथ्यावर जो छोटा फटकारा असतो त्याला तलकट्टू म्हणतात, हे मला आमच्या गोकाकच्या हमालमामांनी शिकवलं. माझ्या हातात हात धरून खोक्यावर गिरवून घेतलं त्यांनी. साठीच्या माणसानं चाळिशीच्या बाईला! महागडं पेन असतं तर आधी हात पुसून, बिचकत धरलं असतं त्यांनी. मार्कर त्यांनी बिडीसारखा सहज उचलला.

ओल्या पुठ्ठ्यावर मार्कर उमटत नाही आणि धुळीनं त्याचं टोक फिस्कारतं. म्हणून आधी फडका मारते. शाई संपली की बाटलीतली भरते, टाकून देत नाही.

आणि देण्याघेण्याचं म्हणाल, तर काउंटरला येणारा दर दुसरा माणूस "पेन हाय काय?" नाहीतर "पेन कोड्री" म्हणतो. काही ठिकाणी पेन सुतळीनं बांधलेलं असतं. म्हाताऱ्या माणसाला वाकून, सुतळी ताणून सही करताना मला बघवत नाही. आमच्याकडची पेनं मोकळी. महिन्याला डझनभर जातात, कुणाच्या तरी खिशातून. टोपणं मात्र मागं राहतात, ती मी बिस्किटाच्या डब्यात साठवते. गेल्या आठवड्यात गोव्याच्या गाडीचा ड्रायव्हर दोन महिन्यांनी पेन परत घेऊन आला, बिनटोपणाचं, टोक चघळलेलं. म्हणाला, "अक्का, अजून चालूलंय." डब्यातलं एक निळं टोपण लावून मी ते त्याच्याच खिशाला अडकवलं.