नाव टाकलं की केस हजर

आज आत्तीकडं स्थळाची चर्चा. चहा यायच्या आत दाजींनी मोबाईलवर ई-कोर्ट्स, म्हणजे कोर्टातल्या केसेस शोधायचं सरकारी ॲप, उघडलं. जिल्हा कोल्हापूर, पोराचं नाव, साल २०१६. मारामारीची केस निघाली आणि सगळे गप्प. मी म्हटलं, निकाल तर बघा. निर्दोष! तरी आत्ती म्हणतेच, "जाळ असल्याशिवाय धूर निघतोय व्हय?"

खटले उघड्यावरच चालावेत, हे मान्य. कसबा बावड्यातल्या कोर्टात कुणीही जाऊन बसू शकतं. पण तिथवर जायला कारण लागतं, इथं नुसता अंगठा. खासगीपणा हा मूलभूत हक्क, हे सुप्रीम कोर्टानं २०१७ लाच सांगितलंय. निर्दोष सुटलेल्यांच्या केसेस तरी नावानं शोधताना दिसू नयेत.

आणि तो पोरगा हाच कशावरून? एकाच नावाचे पाटील आपल्याकडं काय कमी हायत?