हे काम कोणी केलंय?

दुपारी तीनच्या सुमारास न्हाणीघरात काहीतरी धपकन पडलं. मांजर असेल म्हणून मी पडूनच राहिले. मग आठवलं, आपल्याकडे मांजर नाही. उठून पाहिलं तर छताचा ताटाएवढा पोपडा बादलीत, आणि बादलीतलं पाणी दुधी. वर मान केली. जिथून पोपडा सुटला तिथे स्लॅबची सळई उघडी पडली होती. सळई म्हणायचं ते सवयीने. खारी बिस्किटासारखे पदर सुटले होते तिचे. स्टुलावर चढून बोट लावलं तर एक पदर हातातच आला.

संध्याकाळी मिस्त्री आले. चपला दाराबाहेर काढल्या, स्टुलावर चढले, हातोडीच्या दांड्याने चार ठिकाणी टकटक केलं आणि डॉक्टर पाठ ठोकून ऐकतात तसं ऐकलं. मग खाली न बघताच म्हणाले, “ताई, हे काम कोणी केलंय?”

मी काही बोलले नाही.

हा प्रश्न न विचारता कामाला लागलेला कारागीर मी आजवर पाहिलेला नाही. प्लंबर नळाचे आटे बघून विचारतो, इलेक्ट्रिशियन बोर्ड उघडल्या उघडल्या विचारतो, शिंपी उसवलेल्या ब्लाउजची शिलाई बघून विचारतो. दाताचे डॉक्टर तर तोंडात आरसा आणि कापूस कोंबून विचारतात, म्हणजे उत्तर द्यायची सोयच नाही. उत्तर हवंय कुणाला? आधी येऊन गेलेल्या माणसाची कीव करून घ्यायची असते, एवढंच. गंमत म्हणजे त्या आधीच्यानेही येऊन हेच विचारलेलं असतं.

“लोखंड फुगलंय,” मिस्त्री म्हणाले. “पाणी शिरलं की गंज धरतो. गंजाला जागा जास्त लागते. मग तो सिमेंटला ढकलतो.”

गंजाला जागा जास्त लागते. हे मी याआधी एकदा ऐकलं होतं. अथेन्समध्ये, अ‍ॅक्रोपोलिसच्या टेकडीवर, पार्थेनॉनच्या प्राचीन देवळासमोर भर उन्हात उभी असताना.

काही वर्षांपूर्वी गेले होते. चढणीवरचा संगमरवर लाखो पायांनी इतका गुळगुळीत झालेला की निम्मं लक्ष पायांकडेच. वर पोचून मान उचलली तर चित्रातलं पार्थेनॉन नव्हतंच. पश्चिमेच्या अंगाला परांची बांधलेली, देवळाच्या पोटात क्रेन, दगड हलवायला जमिनीवर रूळ टाकलेले. मांडणीला ठेवल्यासारखे दगडांचे तुकडे सगळीकडे ओळीने. आणि कुठूनतरी दगडावर पडणाऱ्या टाकीच्या घावांचा आवाज, एकसारखा, न थांबणारा. आमच्यातले एक काका चांगलेच वैतागले. “अडीच हजार वर्षं झाली, अजून कामच चालू?”

काकांचं अगदीच काही चुकत नव्हतं. पार्थेनॉन बांधायला इ.स.पू. ४४७ ला सुरुवात झाली आणि इ.स.पू. ४३२ पर्यंत शिल्पांसकट सगळं उरकलं. पंधरा वर्षं. इक्टिनोस आणि कल्लिक्रातेस हे वास्तुकार, शिल्पांवर देखरेख फिडियासची, आणि या सगळ्यांच्या पाठीशी अथेन्सचा तेव्हाचा पुढारी पेरिक्लेस. दगड पेंटेलिकॉन डोंगरातून, पंधरा-सोळा किलोमीटरवरून, बैलांच्या गाड्यांतून आणलेला. आताच्या दुरुस्तीसाठी समिती नेमली ती १९७५ मध्ये. म्हणजे बांधायला पंधरा वर्षं आणि दुरुस्तीला पन्नास होऊन वर. आमच्या सोसायटीच्या लिफ्टचं आठवलं मला.

पण बांधणाऱ्याला एक सुख असतं. त्याच्याआधी तिथे कोणी येऊन गेलेलं नसतं. (पार्थेनॉनच्या जागी आधीही एक देऊळ उभं राहत होतं आणि ते इराण्यांनी जाळलं, हे खरं. पण तेवढं सोडून देऊ.) नंतर येणाऱ्याला मात्र आधीच्या सगळ्यांना निस्तरावं लागतं, आणि इथे तर रांगच लागलेली. सुमारे हजार वर्षं अथीना देवीचं देऊळ, मग जवळजवळ तेवढीच वर्षं चर्च, पंधराव्या शतकात तुर्क आल्यावर मशीद. गाभाऱ्यात आधी सोन्याची आणि हस्तिदंताची अथीना, मग मेरी, मग मक्केकडे तोंड करून नमाज. छप्पर बहुतेक काळ डोक्यावर होतं, आणि लोक येत होते. लोक येत असले की वास्तू टिकते.

मोडलं ते एका संध्याकाळी. २६ सप्टेंबर १६८७. व्हेनिसच्या फौजेचा अथेन्सला वेढा पडलेला, सेनापती मोरोसिनी. टेकडीवरच्या तुर्कांनी दारूगोळा पार्थेनॉनमध्ये ठेवला होता, आणि आपली बायकापोरंही तिथेच नेली होती. इतक्या जुन्या, एके काळी चर्च असलेल्या इमारतीवर ख्रिस्ती लोक तोफ डागणार नाहीत असा हिशेब असावा. एक गोळा आत गेला. छप्पर उडालं, मधल्या भिंती गेल्या, उत्तर आणि दक्षिण अंगाचे खांब आडवे झाले, सुमारे ३०० माणसं मेली. नंतर त्याच मोरोसिनीने पश्चिमेच्या दर्शनी बाजूवरच्या त्रिकोणातली शिल्पं लुटीत न्यायची म्हणून खाली उतरवायला घेतली, तेव्हा दोर-कप्प्यांनी दगा दिला आणि समुद्रदेव पोसायडनची मूर्ती आणि अथीनाच्या रथाचे घोडे खाली पडून फुटले. इथली शिल्पं काढून इंग्लंडला नेणारा लॉर्ड एल्गिन पुढे शंभरेक वर्षांनी आला. त्याच्या माणसांनी वजन कमी व्हावं म्हणून शिल्पपट्टीचे दगड मागून करवतीने कापले. त्याच्याविषयी बोलायला लागले तर माझा रक्तदाब वाढतो, सबब पुढे.

मला जो माणूस लक्षात राहिला तो यातला कोणीच नव्हे. निकोलाओस बालानोस. ग्रीकच, इंजिनिअर. १८९८ ते १९०२ आणि पुन्हा १९२२ नंतर दहाएक वर्षं त्याने पार्थेनॉनचं काम केलं. जवळजवळ अडीचशे वर्षं आडवे पडलेले उत्तरेचे खांब त्याने उभे केले. आज चित्रांत जी खांबांची ओळ दिसते ती या बाबामुळे. आणि आता टेकडीवर जे टक टक चाललं होतं, त्यातलं बरंचसं काम या बाबानेच केलेलं काढून टाकण्याचं.

दोन गोष्टी त्याच्या चुकल्या. पहिली लोखंडाची. जुन्या ग्रीकांनी दगडाला दगड जोडायला चुना-बिना वापरलाच नव्हता. लोखंडी आकडे बसवले आणि त्यांच्याभोवती वितळलेलं शिसं ओतलं. शिसं मऊ, धक्का सोसतं आणि पाणी आत येऊ देत नाही. सिंधुदुर्गाच्या पायात शिसं ओतल्याचं शाळेत शिकलेल्या आपल्यासारख्यांना हे वेगळं सांगायला नको. (पुढे ग्रीकांच्या स्वातंत्र्ययुद्धात तुर्क टेकडीवर वेढ्यात सापडले तेव्हा गोळ्यांसाठी दगड फोडून हे शिसं काढायला लागले, तर ग्रीकांनी ‘देवळाला हात लावू नका, गोळ्या आम्ही पाठवतो’ असा निरोप धाडला, अशी एक गोष्ट सांगतात. खरी असो-नसो, सांगावीशी वाटते.) बालानोसने लोखंड घातलं आणि शिसं गाळलं. अडीच हजार वर्षांचे आकडे बऱ्याच ठिकाणी धड, आणि याचे काही दशकांतच गंजून फुगलेले. गंजाला जागा लागते. संगमरवर तडकला. माझ्या न्हाणीघरात जे झालं तेच, फक्त तिथे बादली नव्हती.

दुसरी चूक कळायला मला आजोबांच्या दुकानात जावं लागतं.

आजोबांचं किराणा दुकान सातारा जिल्ह्यातल्या एका गावात. शटर वगैरे नाही, फळ्यांचं दुकान. अकरा फळ्या. रात्री एकेक आणून वरच्या-खालच्या खोबणीत सरकवायची, शेवटची बसली की लोखंडी आडवी पट्टी आणि कुलूप. प्रत्येक फळीच्या आतल्या अंगाला वर आकडा कोरलेला. मी नऊ वर्षांची असेन. त्या दिवशी आजोबा जेवायला लवकर गेले आणि गडी मागे पोती रचत होता. फळ्या मी लावते म्हटलं. चौथीच्या जागी सातवी आली. जाईना. मापाच्या लोखंडी शेराने वरून दोन ठोके घातले, गेली. सातवीच्या जागी चौथी, ती तर लोण्यासारखी गेली. मी खूश.

उंबरा वापरून वापरून मध्यभागी झिजलेला होता. सुताराने मधल्या फळ्या बेताबेताने लांब ठेवल्या होत्या, त्यासाठीच ते आकडे. चौथीखाली दोन बोटं फट राहिली आणि रात्री उंदीर गुळाच्या ढेपेपर्यंत गेले. सकाळी आजोबांनी फटीकडे पाहिलं, ठोक्यांनी चिरलेल्या वरच्या चौकटीकडे पाहिलं आणि विचारलं, “काल फळ्या कोणी लावल्या?”

पार्थेनॉनचे खांब म्हणजे जात्याच्या तळ्या एकावर एक रचाव्यात तशा दगडी चकत्या, एका खांबात दहा-बारा. बघायला सगळ्या सारख्या. बालानोसलाही सारख्या वाटल्या. जी जवळ पडली होती ती उचलून चढवली, नाही बसली तर थोडी तासली. पण त्या देवळात सारखं असं काहीच नाही. तळाचा चौथरा लांबीच्या बाजूला मध्यभागी सुमारे ११ सेंटिमीटर फुगवलेला, रुंदीच्या बाजूला सुमारे ६. आजोबांचा उंबरा खाली गेलेला, यांचा मुद्दाम वर आणलेला. खांब जरासे आत झुकलेले, कोपऱ्यातले इतरांपेक्षा किंचित जाड, पोटाशी प्रत्येकाला हलका फुगवटा. त्यामुळे एका खांबाची चकती दुसऱ्याला लागत नाही. केसाएवढ्या फरकाने लागत नाही. म्हणूनच ती मघाशी म्हटलेली मांडणी होती. मानोलिस कोरेस नावाचे वास्तुकार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकेक तुकडा मोजला. लोखंडी आकडे मुळात कुठे होते, खाचा कुठे, कोणत्या अंगाला ऊनपावसाने जास्त खाल्लं, हे बघत प्रत्येकाचं मूळ घर शोधत गेले. या शतकाच्या सुरुवातीला बालानोसचे ते उत्तरेचे खांब उतरवले आणि पुन्हा लावले.

काही चकत्या उकलल्या तेव्हा मधल्या भोकांत, दोन दगड एका रेषेत यावेत म्हणून बसवलेले लाकडी ठोकळे शाबूत सापडले. चकत्या इतक्या चिकटून बसलेल्या की आत हवा गेली नव्हती. मला राहून राहून वाटतं, ते बसवणाऱ्याने हात झटकले असतील आणि जेवायला गेला असेल.

आता लोखंडाऐवजी टायटॅनियम. गंजत नाही. आणि त्याची जाडीही अशी ठरवतात की भूकंपात ताण आलाच तर दगडाआधी टायटॅनियमने हार मानावी. कमी पडलं तिथे नवा संगमरवर, त्याच पेंटेलिकॉन डोंगराचा. तो पांढराफेक दिसतो, जुना मधाच्या रंगाचा. ठिगळ दिसतंय म्हणून लोक नाकं मुरडतात. दिसावं म्हणूनच ते तसं आहे, आणि उद्या कोणाला काढावंसं वाटलं तर जुन्याला धक्का न लावता काढता यावं म्हणूनही. म्हणजे आपल्यानंतर येणारा येऊन तोच प्रश्न विचारणार, हे या लोकांनी आधीच धरून ठेवलंय. मी त्या पांढऱ्या ठिगळाला हात लावून बघायला गेले तर पहारेकरणीने शिट्टी वाजवली. नव्याला तरी लावू द्यायचा होता.

बालानोसचं नाव कोणी दडवलेलं नाही. टेकडीवरच्या दुरुस्तीवर कुठेही काही लिहिलेलं वाचा, तो आहेच. चुका त्याच्या नावावर, खांबही त्याच्या नावावर.

आजोबांनी विचारलं तेव्हा मी गड्याचं नाव सांगितलं होतं. तो पोत्यांपाशीच उभा होता. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं, आजोबांचं सगळं ऐकून घेतलं, आणि रात्री मला बोलावून चौथी कुठली, सातवी कुठली ते दाखवलं.

“पोपडा याआधीही पडला असणार,” मिस्त्री सांगत होते. “कोणीतरी गंज न काढताच वर पांढरं सिमेंट फासलंय. हाताने फासलंय, थापी पण नाही वापरलेली. बोटं दिसतायत बघा.”

दिसत होती. सहा वर्षांपूर्वी, रविवारी दुपारी, याच स्टुलावर चढून.

“कोणी केलं होतं ताई?”

“आधीच्या मालकांनी,” मी म्हटलं. “चहा ठेवू?”