आईच्या नावातलं ‘देवी’ काढायला नाशिकरोडला: माजी सैनिकांच्या रेकॉर्ड दुरुस्तीचा अनुभव

अण्णा तोफखान्यातून हवालदार म्हणून रिटायर झाले त्याला आता खूप वर्षं झाली, पेन्शन वेळेवर येते त्यामुळे कागद कधी कोणी उघडून बघितलेच नव्हते. पेन्शन बँकेकडून स्पर्शवर (संरक्षण खात्याची ऑनलाईन पेन्शन व्यवस्था) गेली, तिथे डेटा व्हेरिफाय करा म्हणाले, तेव्हा लक्षात आलं की पीपीओवर (पेन्शन मंजुरीचा आदेश) आईचं नाव ‘सुमन देवी’ आहे आणि जन्मसाल आधारपेक्षा दोन वर्षं पुढचं. आमच्या संगमनेरच्या सुमनबाई देवी कधी झाल्या? तर अण्णांच्या लग्नानंतर युनिटमध्ये पार्ट टू ऑर्डर (लग्न, मुलं अशा बदलांची अधिकृत नोंद) केली तेव्हा तिथल्या क्लार्कने त्याच्या उत्तरेतल्या गावाकडच्या सवयीने लिहून टाकलं असणार. मराठी जवानांच्या घरात ही तक्रार कॉमन आहे, कोणाच्या बायकोला देवी, कोणाचं माहेरचंच नाव, कोणाचं आडनाव आधी तर कोणाचं गायब.

आता काय बिघडलं, पेन्शन तर येतेय ना, असं आमचे काकाही म्हणाले. बिघडतं ते पुढे. फॅमिली पेन्शन पीपीओवरच्या नावाला मिळते, आणि जवान गेल्यावर म्हातारीला ‘ती सुमन देवी म्हणजे मीच’ हे सिद्ध करत बसावं लागतं. जन्मतारखेचं तर त्याहून सरळ आहे, ८० पूर्ण झाले की फॅमिली पेन्शनवर २० टक्के जादा मिळतात, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि शंभरीला दुप्पट. म्हणजे साल दोनने पुढे लिहिलंय तर दोन वर्षांचे पैसे गेले. म्हणून जवान हयात आहे, सही करू शकतोय तोवरच हे उरकायचं. (जवानाची स्वतःची भरतीच्या वेळची जन्मतारीख मात्र रिटायर झाल्यावर बदलून मिळेल या आशेवर राहू नका.)

आमच्या गावातल्या एका मल्टिसर्व्हिसवाल्याने सांगितलं की आधारवरच देवी लावून घ्या, दोन दिवसात काम. अजिबात ऐकू नका. मग पॅन, बँक, सातबारा, रेशनकार्ड सगळं चुकीच्या नावामागे पळवत बसायचं. चूक जिथे मुळात लिहिली गेली तिथेच, म्हणजे जवानाच्या मूळ नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसला सुधारायची, बाकीचं तिथून खाली येतं.

आणि रेकॉर्ड ऑफिस राहण्याच्या जिल्ह्यावर नाही, रेजिमेंटवर ठरतं. तोफखान्याचं नाशिकरोड कॅम्पला आहे म्हणून आम्हाला जवळ पडलं. मराठा लाईट इन्फंट्रीवाल्यांचं बेळगावला, महार रेजिमेंटचं सागरला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, सिग्नलचं जबलपूरला, ईएमईचं सिकंदराबादला. नाशिकमध्ये राहता म्हणून नाशिकरोडला जाऊन उपयोग नाही, आमच्यासमोरच एक काका निफाडहून आले होते, सिग्नलचे, त्यांना गेटवरूनच परत पाठवलं, वाईट वाटलं.

जाण्याबद्दल: पुणे किंवा संगमनेरकडून एसटीने येत असाल तर नाशिकच्या सीबीएसपर्यंत (मुख्य बसस्थानक) जाऊ नका, सिन्नरनंतर नाशिकरोड आधी लागतं, बिटको चौकात उतरा आणि तिथून रिक्षा करा, ‘आर्टिलरी सेंटर, रेकॉर्ड ऑफिस’ सांगितलं की पुरे. रेल्वेने आलात तर नाशिकरोड स्टेशनवरूनही तसंच. सकाळी लवकर पोचा कारण गेटवर नोंद, ओळखपत्र, तपासणी यातच बराच वेळ जातो. जवानाला सोबत न्याच, मुलगा एकटा गेला तर बोलणंच पुढे सरकत नाही. एक्स सर्व्हिसमन कार्ड आणि आधार दोन्ही ओरिजिनल लागले.

सगळ्यात महत्त्वाचं, मोबाईल गेटवर जमा करून घेतला. आत ‘फोटो आहे ना माझ्याकडे’ चालत नाही, सगळं कागदावर हवं. आम्ही नेलेलं: डिस्चार्ज बुक (फॅमिलीची नोंद असलेल्या पानांची झेरॉक्स वेगळी काढा), पीपीओ आणि नंतर आलेले सगळे कॉरिजेंडम (दुरुस्तीचे आदेश), दोघांचं आधार आणि पॅन, लग्नाचा दाखला, जॉईंट फोटो, बँक पासबुक, प्रतिज्ञापत्र, आणि अण्णांच्या सहीचा अर्ज. अर्जावर आर्मी नंबर, रँक, भरती आणि डिस्चार्जची तारीख, मग एका ओळीत ‘रेकॉर्डमध्ये काय आहे’ आणि खाली ‘काय पाहिजे’, एवढंच. आम्ही हिंदीत लिहिलं, चाललं.

प्रतिज्ञापत्रात एक काळजी घ्या. चुकीचं नाव जसंच्या तसं, स्पेलिंगसकट लिहून, ते आणि बरोबर नाव ही एकच व्यक्ती आहे असं स्पष्ट यायला पाहिजे, नुसतं बरोबर नाव लिहिलेला कागद बिनकामाचा. आणि हे मॅजिस्ट्रेटसमोरचं मागतात, नोटरीच्या शिक्क्यावर भागेल असं धरू नका. स्टॅम्प लागतो का, कितीचा, ते आधी विचारून घ्या. लग्नाचा दाखला नसेल तर आधी ग्रामपंचायतीत ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) नोंदवून घ्या, जुन्या लग्नाचीही नोंद होते, फक्त साक्षीदार गोळा करायला लागतात. आमच्यात तेच अवघड गेलं, लग्नाला हजर असलेली माणसं किती उरलीत!

आत माजी सैनिकांसाठी वेगळी खिडकी आहे. बसलेल्या हवालदाराने नंबर विचारला आणि अण्णांनी कागद न बघता घडाघडा सांगितला, आईचा वाढदिवस त्यांना अजून आठवत नाही ते सोडा. मग थोड्या वेळाने त्यांची जुनी शीट रोल (नोकरीच्या नोंदींचा मूळ कागद) काढून आणली, पिवळी पडलेली, कडा खाल्लेली, निळ्या शाईत आईचं नाव आणि पुढे वळणदार अक्षरात ते देवी. जन्मसालाचा शेवटचा आकडा खरं तर ६ होता की ८ हे आम्हालाही वाचता येईना, पुढे टाईप करणाऱ्याने ८ धरला एवढंच. अण्णा मात्र तेवढ्यात वरच्या पोस्टिंगच्या नोंदी वाचत बसले, त्यांना काही तिथून हलायचं नव्हतं.

अर्ज दिला की पोच घ्या, तारीख आणि शिक्क्यासह, ती जपून ठेवा. रेकॉर्ड ऑफिस आपल्या नोंदीत दुरुस्ती करतं आणि मग प्रकरण प्रयागराजला पीसीडीए पेन्शनकडे (सैन्याची पेन्शन मंजूर करणारं कार्यालय) जातं, कॉरिजेंडम पीपीओ तिथून निघतो. काही महिने धरा. मध्ये फोन करून कंटाळण्यापेक्षा स्पर्शच्या लॉगिनवर विनंती टाकून ठेवा, तिथे स्टेटस दिसतं. लॉगिन जमत नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, अर्जाचा मसुदाही तिथे नीट करून मिळतो, एजंटला पैसे कशाला द्यायचे.

नवा पीपीओ दिसला की प्रत्येक अक्षर तपासा, नंतर ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) कार्डावरचं नावही त्याप्रमाणे करून घ्या नाहीतर पॉलिक्लिनिकमध्ये रेफरलच्या वेळी अडतं. आमचं ते काम चालू आहे, देवळालीच्या पॉलिक्लिनिकमध्ये चौकशी केली तर म्हणाले आधी ऑनलाईन अर्ज करा, जुनं कार्ड तोपर्यंत टाकून देऊ नका.