चेलोचा गंधार

मी इलेक्ट्रॉनिक संगीत करतो. सिंथेसायझरच्या लांब, धूसर पॅडवर (म्हणजे मागे सलग पसरलेल्या स्वरांवर) चेलो, व्हायोला, हार्प अशी वाद्यं वाजवून घेतो आणि दोन्हींमधला सांधा दिसू नये म्हणून धडपडतो. असं संगीत स्वप्नवत वाटतं ते रिव्हर्बमुळे, म्हणजे आवाजाला दिलेल्या घुमाऱ्यामुळे, असा सर्रास समज आहे. त्या चेलोच्या रेकॉर्डिंगला जो कोणी बसला असता, त्याचा हा समज टिकला नसता.

ट्रॅक ए मेजरमध्ये होता. खाली ५५ हर्ट्झचा जाड बास, वर पॅड आणि चेलोला एकच काम: सी शार्प धरून ठेवायचा. ए हा षड्ज मानला तर हा गंधार. वाजवणारी कलाकार कसलेली. गज ती फिंगरबोर्डच्या अगदी जवळ नेऊन, जवळजवळ वजन न देता ओढत होती. मायक्रोफोन वाद्यापासून फूटभरावर होता, त्यामुळे गजाच्या राळ लावलेल्या केसांची सरसरसुद्धा ऐकू येत होती. नुसता चेलो लावला की अंगावर काटा यायचा, पण पॅड चालू केला की स्वर कडवट व्हायचा आणि सेकंदाला दोनदा हेलकावा घ्यायचा.

ती थांबली. म्हणाली, "माझा स्वर बासला बरोबर लागतोय. पॅड काहीतरी वेगळंच म्हणतोय."

मोजून पाहिलं. ती २७५ हर्ट्झवर होती, पॅड २७७.१८ वर. इतके जवळचे दोन स्वर एकत्र वाजले की सेकंदाला त्यांच्या फरकाइतके हेलकावे येतात. तिचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. ५५ चा पाचवा उपस्वर, म्हणजे त्याची पाचपट कंपनं, बरोबर २७५. तानपुऱ्याच्या खर्जातून आपोआप उमटतो तो स्वयंभू गंधार हाच. कीबोर्डवर मात्र सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात, म्हणून तिथला गंधार सुमारे १४ सेंट चढा असतो (सेंट म्हणजे अशा एका भागाचा शंभरावा हिस्सा). म्हणजे बास आणि पॅड यांचं आपसातच जमत नव्हतं. पॅडवरच्या कोरसमुळे, म्हणजे स्वर किंचित हलता ठेवणाऱ्या इफेक्टमुळे, ते झाकलं जात होतं, आणि चेलोच्या सरळ, कंपनरहित स्वराने उघडं पडलं.

ती म्हणाली, "चढवून वाजवू का? पियानोबरोबर वाजवताना चढवतेच मी." मी नको म्हटलं. इतका सुंदर लागलेला स्वर यंत्रासाठी हलवायचा आणि यंत्र मात्र जागचं हलणार नाही, हे मला पटेना. सिंथचा सी शार्प १४ सेंट उतरवला.

पुढचा टेक सुरू झाला आणि चेलो दिसेनासा झाला. गेला कुठे, तर पॅडच्या आत. उपस्वर एकमेकांवर चपखल बसले की कानाला दोन आवाज वेगळे काढता येत नाहीत. फक्त गजाची सरसर वर तरंगत राहते आणि ती कुठून येतेय ते कळत नाही. चेलोचे सेकंदाच्या दहाव्या भागाहून लहान तुकडे करून, ते एकावर एक पसरून हाच परिणाम साधायचं माझ्या मनात होतं. ही पद्धत, म्हणजे ग्रॅन्युलर सिंथेसिस, मला फार प्रिय आहे, पण त्या दिवशी त्याची गरजच उरली नाही.

दुपारचा सगळा वेळ बाकीच्या कॉर्डमध्ये गेला. एफ शार्प मायनर आणि डी सहज बसले, एफ शार्प १६ सेंट उतरवला की झालं. गोची बी मायनरला झाली. तिथे बी ते एफ शार्प हा पंचम २२ सेंटने आखूड पडतो आणि अक्षरशः कण्हतो. तेवढ्या कॉर्डपुरता बी खाली ओढायचा आणि पुढे ई मेजर आला की परत वर न्यायचा. सिंथमध्ये त्याचं ऑटोमेशन, म्हणजे कुठे किती हलायचं याचे आकडे, लिहावं लागलं. ती मात्र तीच हालचाल बोटाच्या टोकाने, न सांगता करत होती. मी पडद्यावर आकडे भरायचो आणि तिचं बोट तिथे आधीच पोचलेलं असायचं!

शेवटच्या कॉर्डला तिनेच सुचवलं, "इथे पॅड पहिल्यासारखा राहू दे." ट्रॅकची लय मिनिटाला ६५ ठोक्यांची. फरक २.१८ हर्ट्झचा, म्हणजे एका ठोक्यात जवळपास नेमके दोन हेलकावे. इतका वेळ त्रास देणारी तीच लहर तालात बसली. शेवटी स्वर डोलत विरतो, तो कुठल्या इफेक्टमुळे असं सगळे विचारतात. त्या डोलण्यात इफेक्टचा हात नाही. एकीकडे २७५, दुसरीकडे २७७.१८, बस.