खारी, महिना नववा: सहा फुटांवर पडणारी डमी

मंडळी, सापडलं! तीन आठवडे डोकं खाणाऱ्या त्या सहा फुटांचं मूळ खारीत, म्हणजे फेकलेली वस्तू हातात आणून द्यायला शिकणाऱ्या माझ्या कुत्रीत, नव्हतंच. माझ्याच तोंडात होतं.

मागच्या नोंदीत इथवर आलो होतो: डमी (सरावाला फेकायची कॅनव्हासची वळकटी) फेकली तरी खारी थरथरत का होईना बसून राहते, नाव घेतल्यावरच सुटते, उचलते, सरळ परत येते. आणि माझ्यापासून बरोब्बर सहा फुटांवर डमी टाकून शेपूट हलवत उभी राहते. हातात म्हणून द्यायची नाही!

पहिला संशय कुसळांवर. सासवडजवळ मामाच्या पडीक रानात दसऱ्यानंतर कुसळी गवत असं वाळतं की मोजे टाकूनच द्यावेत. कॅनव्हासच्या डमीत कुसळं घुसून टोचत असणार म्हणून तोंड तपासलं, तर ओठाच्या आत एक निघालंही. वाटलं, मिटलं. मग जीन्सच्या पायात वाळू-चिंध्या भरून शिवलेली घरची डमी काढली, किराणा दुकानाच्या काट्यावर अर्धा किलो. (विकतची दुसऱ्याच आठवड्यात उसवली होती. किंमत विचारू नका.) फेकली. पुन्हा सहा फूट.

दात? दुधाचे पडून पक्के केव्हाच आलेत. मी वाकून हिसकावतो म्हणून कचरत असेल? पाठ फिरवून चालायला लागलो. जुना उपाय, चांगलाही. बाईसाहेब मागोमाग आल्या, डमी तोंडात. मी वळून "ये, ये" म्हटलं आणि थप्प.

रविवारी माझा घसा पार बसला. म्हणून नुसत्या शिट्टीवर काम. तीन आखूड फुंकरा, आणि खारी थेट मांडीला येऊन चिकटली, डमी तोंडातच! पाच वेळा फेकली, पाचही वेळा तेच. ओट्यावर शेंगा फोडत बसलेली आई म्हणाली, "अरे, एरवी तू 'ये' म्हणतोस की 'दे', ते मलाच कळत नाही."

बोलवायचा शब्द 'ये', सोडायचा 'दे'. पळत येणाऱ्या कुत्रीला दोन्हींत ऐकू येणार तो लांबलचक 'ए'. म्हणजे ती बिचारी तीन आठवडे हुकूमच पाळत होती.

आता 'दे' बंद, 'सोड' सुरू, आणि बोलवायला फक्त शिट्टी. अ‍ॅक्मे २११.५ या शिट्टीबद्दल पूर्वी कुरकुर केली होती, ती मागे घेतो. आत गोळी नाही, त्यामुळे थुंकीने अडकत नाही. शिवाय हरवली तर त्याच नंबरची घ्यायची, सूर तोच मिळतो. माझ्या घशाचा काय भरवसा!

कालचा हिशोब: २० फेकी, १७ थेट हातात. उरलेल्या तीन टिटवीच्या खात्यावर. ऐन वाटेत टिवटिवत उठली, खारी तिच्यामागे. मी एक लांब शिट्टी दिली आणि, मंडळी, पोरगी पळता पळता बसली! चाळीस पावलांवर. टिटवी ओरडत गेली, खारी बघत राहिली. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला बंदी आहे, म्हणून आपल्या खेळात पक्ष्याने एवढंच करायचं असतं, उडून जायचं. पिसांची सवय लावायला कोंबडीचा पंख डमीला बांधणार आहे, पण महिन्याभराने.

पुढचा बेत पाण्याचा होता, मामाच्या शेततळ्यात. रद्द. खालचं प्लास्टिक इतकं निसरडं की कुत्रं आत गेलं तर वर चढता येत नाही. उतरता काठ असलेला पाझर तलाव शोधतोय.

खरं तर हे लिहिता लिहिता वाटतंय, पाण्याआधी सगळे शब्दच तपासावेत. जेवताना वाढणाऱ्याला कुणी "बस, बस" म्हटलं की खारी बसते. आणि आज सकाळी आईने मला हाक मारली, "चहाबरोबर खारी आण रे." दोन मिनिटांत माझी डावी चप्पल आईच्या मांडीवर. हातात दिली, सहा फुटांवर नाही.