आमची वाटचाल: व्हॉल्व्हच्या रेडिओला बेताचं व्होल्टेज

पुण्यातलं आमचं छोटं वर्कशॉप व्हॉल्व्हच्या, म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणाऱ्या जुन्या रेडिओंसाठी लाइन व्होल्टेजची उपकरणं बनवतं. सुरुवात रिलेच्या स्टॅबिलायझरपासून झाली. आज मात्र बऱ्याच सेटांना आम्ही स्टॅबिलायझर देतच नाही, कारण त्यांचं दुखणं सेटच्याच पाठीमागे, टॅपच्या, म्हणजे लाइनचं व्होल्टेज निवडायच्या खुंटीत असतं.

घरगुती पुरवठा २३० व्होल्ट. अधिक-उणे १० टक्के धरले तर २०७ ते २५३. रात्री उशिरा आणि पहाटे भार उतरला की लाइन वर चढते. अशा वेळी २२० च्या टॅपवर ठेवलेल्या सेटला २५० मिळाले, तर व्हॉल्व्ह तापवणारे ६.३ व्होल्टचे हिटर थेट ७.१६ वर जातात. व्हॉल्व्हच्या डेटाबुकातली मर्यादा १० टक्क्यांची, म्हणजे साधारण ५.७ ते ६.९, आम्ही ५ टक्क्यांच्या आत ठेवतो. एचटी, म्हणजे व्हॉल्व्हला लागणारं चढं डीसी व्होल्टेज, तीही त्याच प्रमाणात चढते, आउटपुट व्हॉल्व्ह जास्त तापतो आणि ३५० व्होल्टचा जुना फिल्टर कंडेन्सर काठावर येतो. ट्रान्सफॉर्मरचा गाभा सॅच्युरेट व्हायला लागला की रिकाम्या भारावरही प्रायमरी गरम होते. वाइंडिंगमधून मेण पाझरलेलं दिसलं तर समजावं की हे बरेच दिवस चाललंय. हीच खुंटी २४५ वर सरकवली की २५० लाही हिटर ६.४३ वर राहतो. खर्च शून्य.

म्हणून आमचं पहिलं काम मोजणीचं. आठवडाभर पहाटे, दुपारी आणि रात्री आठच्या सुमारास लाइन नोंदवायची. औद्योगिक पट्ट्याजवळ राहत असाल तर गुरुवारच्या सुट्टीची नोंद वेगळी घ्या. मग सेट वीस मिनिटं तापू द्यायचा आणि ईएल८४ या आउटपुट व्हॉल्व्हच्या सॉकेटखाली ४ आणि ५ नंबरच्या पिनांवर एसी व्होल्ट बघायचे. लाइनच्या आकड्यापेक्षा हा आकडा महत्त्वाचा.

रिलेचा स्टॅबिलायझर आम्ही का सोडला? तो फ्रिजसाठी ठीक. रिले बदलली की व्होल्टेज वीस-पंचवीस व्होल्टांनी एकदम उडी मारतं, स्पीकरमध्ये टक् होतं आणि शॉर्टवेव्हवर ऑसिलेटर सरकून स्टेशन हलतं. लाइन नेमकी उंबरठ्यावर असली तर रिले फडफडत राहते. उंबरठ्यात पाच-सहा व्होल्टांचं अंतर ठेवून फडफड थांबवली, उडी काही थांबली नाही. सर्व्हो, म्हणजे मोटरने ब्रश सरकवणारा स्टॅबिलायझर, अचूक असतो, पण ब्रशची ठिणगी मीडियम वेव्हवर ऐकू येते. पुणे आकाशवाणीच्या ७९२ किलोहर्ट्झला ती दबते, दूरच्या स्टेशनांचा मात्र विचका करते.

मग सीव्हीटीकडे, म्हणजे व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या फेरोरेझोनंट ट्रान्सफॉर्मरकडे वळलो. त्यात हलता भाग नाही, लाइनमधले झटकेही तो गिळतो. पण साध्या सीव्हीटीची लाट माथ्यावर सपाट असते. हिटरला आरएमएस, म्हणजे लाटेचं परिणामी व्होल्टेज, लागतं, फिल्टर कंडेन्सर मात्र लाटेच्या माथ्यापर्यंत भरतो; त्यामुळे हिटर बरोबर असूनही एचटी कमी पडते आणि आवाज दबतो. त्यात साधा मल्टिमीटर सरासरी मोजून साइन वेव्ह गृहीत धरतो. चौकोनी लाटेवर तो ११ टक्क्यांपर्यंत जास्त दाखवतो. मीटरवर ६.३ दिसतं, प्रत्यक्षात ५.७ च्या आसपास असतं. इथे ट्रू आरएमएस मीटरला पर्याय नाही. साइन वेव्ह सीव्हीटी घेतला तर ही अडचण जवळजवळ मिटते, पण तोही कायम गरम राहतो, गुणगुणतो आणि त्याचं चुंबकीय क्षेत्र आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये हम आणतं. रेडिओपासून किमान एक मीटर दूर, जमल्यास खालच्या कप्प्यात ठेवा.

ज्या घरी लाइन कायमच चढी असते, तिथे सीव्हीटी देणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. तिथे आम्ही बक, म्हणजे लाइनमधून थोडं व्होल्टेज वजा करणारा ट्रान्सफॉर्मर देतो. २३० व्होल्ट प्रायमरी आणि १२-०-१२, १ अँपिअरचा साधा ट्रान्सफॉर्मर पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत सहज मिळतो. प्रायमरी लाइनवर, सेकंडरीची दोन टोकं फेजच्या तारेत सिरीज. ६० वॉटचा सेट पाव अँपिअरच घेतो, त्यामुळे ट्रान्सफॉर्मर थंड राहतो. रेडिओ जोडण्याआधी ४० वॉटचा बल्ब लावून आउटपुट मोजा. व्होल्टेज वाढलेलं दिसलं तर सेकंडरीची टोकं उलटी करा. २५० चे साधारण २२१ ते २२४ होतात. छोट्या ट्रान्सफॉर्मरची सेकंडरी कमी भाराला २४ पेक्षा थोडी जास्तच देते, म्हणून हा फरक. १२ व्होल्टचाच भाग वापरला तर २३७ च्या जवळपास. सेकंडरीवर आता लाइनचा करंट आहे हे विसरू नका: जोड उघडे नकोत, डबा पत्र्याचा असेल तर अर्थिंग हवंच, आणि फेजमध्ये ५०० मिलिअँपिअरचा स्लो-ब्लो फ्यूज.

एसी-डीसी सेटांना जास्त जपावं लागतं. यूसीएच८१, यूएफ८९, यूबीसी८१, यूएल८४, यूवाय८५ अशी माळ असेल तर हिटरची बेरीज १२८.६ व्होल्ट, करंट १०० मिलिअँपिअर. म्हणजे २३० वर ड्रॉपर, अर्थात उरलेलं व्होल्टेज खाणारा रेझिस्टर, साधारण १०१० ओहमचा आणि त्यात १० वॉट जळतात. आम्ही २५ वॉटचा वायरवाउंड घालतो. या सेटांत ट्रान्सफॉर्मर नसतो, चासी, म्हणजे धातूचा सांगाडा, थेट लाइनला असते. प्लग उलटा बसला की चासीवर फेज येतो. दुरुस्ती करताना एकास एक आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावाच. हाताने फिरवून व्होल्टेज बदलायचा डिमरस्टॅट आयसोलेशन देत नाही, आणि तो स्टॅबिलायझरही नव्हे: लाइन चढली की त्याचं आउटपुटही चढतं.

सध्या आम्ही सगळ्यात जास्त बनवतो ते बक आणि कट-ऑफ एकत्र असलेलं युनिट. रोटरी स्विचवर ०, १२ आणि २४ व्होल्टची वजाबाकी, आणि आउटपुट २४८ च्या वर गेलं की रिले सेट तोडते. लाइन सुधारल्यावर ३० सेकंद थांबून परत जोडते, म्हणजे वीज येता-जाता सेटला धक्के बसत नाहीत. रिलेच्या काँटॅक्टवर ठिणगी दाबायला १०० ओहम आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचा एक्स२ कंडेन्सर आहे. त्यातून रिले उघडी असतानाही थोडी गळती राहते, म्हणून सेट उघडण्याआधी प्लग काढायचाच.

हा कट-ऑफ मुख्यतः न्यूट्रल सुटण्यासाठी आहे. थ्री फेज इमारतीत न्यूट्रल ढिला झाला की एखाद्या फ्लॅटला ३०० च्या वर, अगदी ४०० च्या जवळही व्होल्टेज मिळू शकतं. नुसता एमओव्ही, म्हणजे झटके शोषणारा व्हॅरिस्टर, तिथे टिकत नाही. क्षणिक झटका तो पिऊन टाकतो, पण व्होल्टेज चढंच राहिलं तर तापून जळतो. म्हणून आमच्या युनिटमध्ये तो फ्यूजच्या पुढे, सेटच्या बाजूला जोडलेला असतो: एमओव्ही शॉर्ट झाला की फ्यूज उडतो. फ्यूज उडालेला दिसला तर बदलून लगेच चालू करू नका. आधी एमओव्ही काळा पडलाय का बघा आणि लाइन मोजा.