ओतीव चांदीची मूर्ती घेताना ती आधी पालथी करा

जळगावच्या सराफ बाजारात दिव्याखाली ठेवलेली प्रत्येक मूर्ती देखणीच दिसते. संग्रहासाठी घ्यायची असेल तर चकाकी सोडा, तळ बघा. देव्हाऱ्यातले टाक पातळ पत्र्यावर ठशाने उठवलेले असतात. मोठ्या मूर्तीही पुष्कळदा पत्र्याच्याच, आतून पोकळ. ओतीव मूर्तीचं काम निराळं. आधी मेणात घडवायची, साच्यात बंद करायची, मेण वितळवून काढायचं आणि त्या जागी चांदी ओतायची. मेणाच्या वजनाच्या साधारण 11 पट चांदी लागते, नाळीची, म्हणजे चांदी ओतायच्या वाटेत गोठणारी, वेगळी.

नाळ बहुधा तळाला कापलेली असते. तिथे सुईच्या टोकाएवढी छिद्रं दिसली तर ओतकाम कच्चं समजा. वितळलेली चांदी स्वतःच्या आकारमानाच्या सुमारे 20 पट ऑक्सिजन पिते आणि गोठताना बाहेर टाकते. म्हणून चांगला ओतारी मुशीत सवागी (टाकणखार) आणि कोळशाची भुकटी टाकून हवा तोडतो. साचा गार असला तर बोटं, शस्त्रांची टोकं अर्धवट भरतात. जाड बैठक सगळ्यात शेवटी गोठते, त्यामुळे ती खचते. पॉलिशने हे झाकलं जातं, नाहीसं होत नाही.

मेण हाताने घडवून केलेली मूर्ती की रबरी साच्यात मेण भरून काढलेली, हे काखेत आणि मानेमागे कळतं. तिथे कानस पोचत नाही, साच्याच्या जोडाची बारीक रेघ राहून जाते. दुकानातली तशीच दुसरी मूर्ती शेजारी ठेवून बघा. दोन्हींच्या त्याच जागी तोच खड्डा असेल, तर मजुरी हातकामाची देऊ नका.

टंच, म्हणजे शुद्धता, तपासणारं मशीन फक्त वरचा थर वाचतं, आतल्या शिशाचा त्याला पत्ता लागत नाही. म्हणून जोडीला पाण्याची परीक्षा हवीच. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा. मूर्ती दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला किंवा काठाला टेकू देऊ नका. कोरडी 208 ग्रॅम असेल आणि काटा 20 दाखवत असेल, तर भागाकार 10.4 येतो. 925 च्या (हजारात 925 भाग चांदी) भरीव चांदीला हा आकडा बरोबर आहे. जर्मन सिल्व्हर साडेआठच्या आसपास राहतं, कारण त्यात चांदी नसतेच. खाचांत बुडबुडे अडकले तर आकडा खोटा येतो. पाण्यात साबणाचा एक थेंब टाका. 20 ग्रॅमखालच्या वस्तूला साध्या काट्यावर ही परीक्षा चालत नाही.

नंदुरबार, धडगावकडचे जुने भरीव दागिने मोडीत येतात आणि थेट आटणीत जातात. ही फार मोठी हानी आहे. ओळखीच्या सराफाला सांगून ठेवा की आटवण्याआधी दाखवा, आणि मोडीच्या भावावर थोडे जास्त द्या.

बिलावर वजन, टंच आणि मजुरी वेगवेगळी लिहून घ्या. वस्तू मलमलीत गुंडाळून ठेवा. रबरबँड आणि लोकर लांब ठेवा, त्यांतल्या गंधकाने चांदी काळवंडते. खाचांतला जुना काळपटपणा घासून काढू नका. नक्षी त्यानेच उठून दिसते.